सोयराचे दहा दिवस

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. एकोणिसाव्या शतकातल्या कोणत्याही आळीत अशी बातमी नवी नव्हती. बायका येऊन डोळे पुसून जात, 'देवाचं देणं देवाने नेलं' म्हणत आणि घर पुन्हा कामाला लागे. या मुलीने मात्र तो मृत्यू नशिबाच्या खात्यावर टाकला नाही. वेळेवर उपचार मिळाले असते तर मूल हाती लागलं असतं, हे तिच्या मनाने धरलं आणि डॉक्टर होण्याचा ध्यास तिथून सुरू झाला. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशीही पूर्ण होण्याआधी क्षयाने त्यांचा अंत झाला.

आनंदीबाईंचं चरित्र महाराष्ट्राने नाटकांतून, कादंबरीतून, पाठ्यपुस्तकांतून वाचलं. त्या दहा दिवसांच्या बाळाचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहिला नाही. जन्मल्यापासून पहिल्या काही दिवसांत बाळांना काय होत असे, घरातली माणसं त्यावर काय करत, कोणाचे हात त्या बाळापर्यंत पोहोचत आणि ते मरण थांबवायला कुणी कशी सुरुवात केली, हा इतिहास माजघराच्या अंधाऱ्या खोलीत घडला. तिथे कागद-दौत फक्त पाचवीच्या रात्री येत असे, तीही सटवाईसाठी.

मराठी घरात बाळ जन्मलं की सोयर लागे. दहा दिवस बाळंतीण आणि बाळ एका खोलीत, बाकीच्या घरापासून वेगळी. खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, दाराशी कडुनिंबाचा डहाळा. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाईची पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं भविष्य लिहिते, असा समज. कुठे हे सगळं पाचव्या रात्री, कुठे सहाव्या. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही आणि बाळाजवळ कुणीतरी जागं राहायचंच, हा नियम मात्र सगळीकडे सारखा. दहा दिवस सुखरूप गेले की सोयर फिटे आणि बाराव्या दिवशी बारसं होई.

या क्रमाकडे नीट पाहिलं की त्यामागची भीती दिसते. सगळा पहारा पहिल्या दहा-बारा दिवसांचा. त्यातही पाचवी-सहावी रात्र सर्वांत धोक्याची. नाव ठेवायचं ते एवढं सगळं पार पडल्यावर.

ही भीती ग्रंथांतही होती. सुश्रुतसंहितेत मुलांना पछाडणाऱ्या नऊ ग्रहांची नावं आहेत; स्कंद, शकुनी, रेवती, पूतना ही त्यांतली ओळखीची. काश्यपसंहितेत तर गर्भ आणि बाळं हिरावून नेणाऱ्या जातहारिणीचं वर्णन सविस्तर येतं. पण त्याच परंपरेत निरीक्षणाची दुसरी वाटही आहे. नाळ बेंबीपासून आठ अंगुळं अंतरावर, सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या धारदार शस्त्राने कापावी, दोऱ्याने बांधावी, असं चरकसंहिता सांगते. बेंबी पिकली तर लोध्र, ज्येष्ठमध, हळद वगैरे घालून सिद्ध केलेलं तेल लावायलाही सांगते. म्हणजे बेंबी पिकते आणि त्याने बाळ आजारी पडतं, हे त्या काळच्या वैद्यांनी पाहिलेलं होतं. ग्रंथातलं हे वाक्य खेड्यातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत किती पोहोचलं, हा प्रश्न वेगळा.

पाचव्या-सहाव्या रात्रीचा एवढा धाक का असावा, याचं एक उत्तर नवजात धनुर्वातात सापडतं. बाळ जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. रडतं, दूध ओढतं. दोन-तीन दिवस सगळं नीट चालतं. मग अचानक त्याला स्तन तोंडात धरता येईनासा होतो. जबडा आवळतो, चेहरा ताणला जातो, आवाजाने किंवा स्पर्शानेही झटके येतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. उपचाराविना बहुतेक बाळं दगावत. बहुतेकदा हे जन्मानंतर साधारण आठवड्याच्या आत-बाहेर सुरू होतं. चांगलं अंगावर पिणारं बाळ पाचव्या-सहाव्या दिवशी असं ताठ होताना ज्या घराने पाहिलं, त्या घराला ते बाहेरच्या कुणाचं काम वाटलं तर नवल नाही. सटवाईची प्रथा केवळ या एका आजारातून जन्मली असं म्हणता येणार नाही. त्या दिवसांत बाळं इतर कारणांनीही जात. पण प्रथेचं वेळापत्रक आणि आजाराचं वेळापत्रक जुळतं, एवढं खरं.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडत होतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर समुद्रात सेंट किल्डा नावाचं बेट आहे. तिथल्या बाळांच्या या आजाराला लोक आठ दिवसांचं दुखणंच म्हणत आणि पुष्कळजण ती देवाची इच्छा मानत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले धर्मगुरू अँगस फिडिस यांनी ग्लासगोला जाऊन नाळ निर्जंतुक कशी ठेवायची, हे शिकून घेतलं आणि बेटावर येऊन ते अमलात आणलं. काही वर्षांतच तिथलं हे मरण थांबलं.

तोवर शास्त्रालाही कारण सापडलं होतं. १८८४ मध्ये जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी मातीतल्या जंतूंमुळे धनुर्वात होतो, हे प्राण्यांवर दाखवलं. १८८९ मध्ये किटासाटो शिबासाबुरो या जपानी शास्त्रज्ञाने तो जंतू वेगळा काढला. हा जंतू मातीत असतो आणि गुराढोरांच्या, घोड्यांच्या शेणात असतो. आता आपल्याकडच्या खेड्यातलं बाळंतपण आठवावं. गोठा घराला लागून. जमीन शेणाने सारवलेली. नाळ कापायला विळा, बांबूची धारदार चिपाटी, नाहीतर हाताला येईल ते पातं. कापलेल्या नाळेवर राख, हळद, कुठे कुठे शेणही. बेंबीच्या ओल्या जखमेवर धनुर्वाताचं बी पेरलं जायला आणखी काय लागतं?

यासाठी पुढची शंभर वर्षं ज्या बाईला दोष दिला गेला, ती सुईण.

सुईणपण हा घरातून घरात, सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आलेला व्यवसाय होता. देशावरच्या अनेक गावांत मातंग समाजातल्या बायका हे काम करत. कुठे न्हाव्याच्या घरची बाई येई, कुठे भावकीतली जाणती म्हातारी. बाळंतपण विटाळाचं मानलेलं, त्यामुळे नाळ कापण्याचं, वार पुरण्याचं, रक्ताची धुणी धुण्याचं काम जातीच्या उतरंडीत खाली ढकललेलं. ज्या हातांवर दोन जीव सोपवायचे, त्या हातांचा एरवी स्पर्शही नको, असा तो व्यवहार होता. मोबदला म्हणजे लुगडं-खण, शेर-दोन शेर धान्य, नारळ.

या बायकांच्या स्वतःच्या बाळंतपणाचं वर्णन १८५५ साली एका मुलीने लिहून ठेवलं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता, पुढे मुक्ता साळवे म्हणून ओळखली गेलेली. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आपल्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात आणि उपचाराला पैसा नसतो, हे तिने त्यात मांडलं आहे. गावाची बाळंतपणं करणाऱ्या जातीतल्या बाळाला पहिल्या दिवशी ऊबसुद्धा मिळत नव्हती. नवजात बाळाचं अंग गार पडणं हे किती घातक असतं, हे बालवैद्यकाने पुढे मोजून दाखवलं. मुक्ताने ते डोळ्यांनी पाहून लिहिलं.

सरकारचं लक्ष या खोलीकडे वळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर, दवाखाने, परिचारिका यांवर पैसा येऊ लागला. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं, डॉ. एडिथ पीची तिथल्या प्रमुख होत्या. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. त्याचा हेतूच दायांना शिकवण्याचा होता. वर्ग निघाले, दायांना बोलावलं गेलं, हजेरीसाठी पैसेही दिले गेले. तरी काम म्हणावं तसं रुजलं नाही. शिकवणारी मंडळी बहुधा आधीच ठरवून बसलेली, की समोरची बाई अडाणी, घाणेरडी आणि हट्टी आहे. त्या बाईला मात्र घरोघरी जाऊन त्याच विळ्याने, त्याच सारवलेल्या जमिनीवर काम करायचं होतं. तिचं घर, तिची जात, तिचं पोट यांपैकी काहीच बदलत नव्हतं.

शहरात चित्र आणखी भयाण होतं. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत पाच-दहा माणसं राहत. १९२१ च्या सुमारास नोंदलेल्या जन्मांच्या हिशेबाने शहरातला अर्भकमृत्यूचा दर हजारी ६०० च्या वर गेलेला दिसतो आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत त्याहूनही पुष्कळ जास्त. हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. बाया बाळंतपणाला कोकणात-देशावर जात, जन्माची नोंद तिकडे होई किंवा होतच नसे आणि तान्हं घेऊन परतल्यावर ते गेलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढे. ही तूट वजा केली तरी उरलेला आकडा अंगावर काटा आणणारा आहे. त्यानंतर १९२६ मध्ये परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्या तिथे जन्मल्या आणि वाढल्या.

धनुर्वातावरचा खरा उतारा मिळाला तो लसीतून. गरोदरपणी आईला लस दिली की तिच्या रक्तातलं संरक्षण बाळापर्यंत पोहोचतं. भारतात गरोदर बायकांना ही लस देण्याचा कार्यक्रम १९८० च्या दशकात जोरात सुरू झाला. त्याच्या जोडीला सुईणींना 'पाच स्वच्छता' शिकवल्या गेल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि बेंबी स्वच्छ, तिच्यावर काहीही न लावता कोरडी. एक नवं पातं, उकळलेला दोरा, साबणाची वडी आणि प्लॅस्टिकचा तुकडा एवढ्या साहित्याची पुडी गावोगाव वाटली गेली. १९८८ साली जगभरात या आजाराने वर्षाला सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं जात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. भारतातली संख्या त्यात फार मोठी होती. मे २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. ज्या रात्रीच्या भीतीने शेकडो वर्षं दिवे जागवले, तिचं एक मोठं कारण असं संपलं.

धनुर्वात हटला तरी नवजात बाळांचं मरण थांबलं नव्हतं. उरलेल्या दुखण्यांना असा ठळक चेहरा नव्हता. बाळ जन्मतं आणि रडतच नाही. बाळ इवलंसं, दीड-दोन किलोचं असतं आणि अंग गार पडतं. बाळाला दूध ओढता येत नाही. चांगलं पिणारं बाळ आठव्या-दहाव्या दिवशी मलूल होतं. घरात याला नावं होतीच: बाळ सुकलं, नजर लागली, बाहेरचं झालं, पोट फुगलं. उपायही होते. पहिला पिवळसर चीक 'वाईट' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध, गुळाचं पाणी, एरंडेल चाटवायचं. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डम्मा' नावाची प्रथा होती आणि तिच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. बाळाचा जीव वाचावा म्हणूनच हे केलं जातं, हेच त्यातलं सगळ्यांत मोठं दुःख.

या आजारांचा पहिला चोख हिशेब मांडला गेला तो गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. जिल्हा नवा, चंद्रपूरपासून १९८२ साली वेगळा झालेला. जंगल, पाऊस, गोंड-माडिया वस्त्या आणि दवाखाना कोसो दूर. लहान मुलांच्या न्यूमोनियावर त्यांनी आधी काम केलं. श्वास मोजता यावा म्हणून, आकडे न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचं एक साधं श्वासमापक बनवलं. न्यूमोनियाचे मृत्यू घटले, तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. त्या वेळचा वैद्यकीय समज असा होता, की नवजात बाळावर उपचार करायचे तर रुग्णालय हवं, काचपेटी हवी, बालरोगतज्ज्ञ हवा. गडचिरोलीत यांपैकी काहीही नव्हतं आणि ९५ टक्के बाळंतपणं घरीच होत होती.

त्यांनी आधी नुसतं पाहायचं ठरवलं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत गावातल्याच शिकलेल्या बायकांना तयार करून जन्मलेल्या प्रत्येक बाळाला घरी जाऊन तपासलं, वजन केलं, तापमान घेतलं, अठ्ठावीस दिवस नोंदी ठेवल्या. वर्षभरात ७६३ बाळं पाहिली गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना, ५४.४ टक्क्यांना, उपचारांची गरज होती. उपचार मिळाले होते फक्त २.६ टक्क्यांना. चाळीस बाळं दगावली. सोयराच्या खोलीच्या दाराआड इतका काळ काय चाललं होतं, ते पहिल्यांदाच आकड्यांत उमटलं.

मग कामाचा पुढचा टप्पा आला. याच बायकांना, आरोग्यदूतांना, शिक्षण देण्यात आलं. कुणी पाचवीपर्यंत शिकलेल्या, कुणी दहावीपर्यंत. बाळंतपणाच्या वेळी सुईणीसोबत हजर राहायचं. बाळ रडलं नाही तर पिशवी आणि मुखवटा लावून त्याला श्वास द्यायचा. लहान बाळाला उबदार झोळीत गुंडाळायचं. पहिलं दूध टाकू द्यायचं नाही. आणि जंतुदोषाची लक्षणं ओळखायची: रडणं क्षीण झालं, दूध ओढणं मंदावलं, बाळ सुस्तावलं, अंग फार गार किंवा फार गरम झालं, बेंबीला पू आला, पोट फुगलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली आणि घरच्यांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला, तर तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं.

जेमतेम पाचवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, या कल्पनेने वैद्यकीय क्षेत्रात मोठी खळबळ झाली. हे धोक्याचं आहे, असं म्हणणारे थोडेथोडके नव्हते. उत्तर आकड्यांनी दिलं. काम सुरू होण्यापूर्वी या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तो आकडा २५.५ वर आला. शेजारच्या ज्या ४७ गावांत ही सेवा नव्हती, तिथे तो ६० च्या आसपासच राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांतले १६.६ टक्के पूर्वी मरत, सेवेनंतर २.८ टक्के. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला आणि जगातल्या गरीब देशांनी तो पुढ्यात घेतला.

या प्रयोगाचं यश औषधापुरतं पाहिलं तर त्यातली खरी गोष्ट निसटते. जेंटामायसिन तेव्हाही जुनं, स्वस्त औषध होतं. वजनकाटा, तापमापक, मुखवटा, गोधडी, यांतलं काहीच नवं नव्हतं. १९०३ मध्ये दायांच्या वर्गांनी बाईला खोलीबाहेर बोलावून तिच्या चुका सांगितल्या होत्या. गडचिरोलीत ज्ञान त्या खोलीत गेलं आणि जिच्यावर घराचा विश्वास आहे, तिच्याच हातात दिलं गेलं. सुईणीला हाकललं नाही; तिच्या शेजारी आरोग्यदूत बसली. शेगडीच्या उबेला नाकारलं नाही. धूर टाळून ऊब कशी टिकवायची ते दाखवलं. रात्रभर जागणाऱ्या आजीला अंधश्रद्ध म्हटलं नाही. जागताना काय पाहायचं, हे तिला सांगितलं.

त्याआधीच मुंबईत, सायनच्या महापालिका रुग्णालयात, हीच दिशा वेगळ्या वाटेने सापडली होती. तिथे नवजात विभागात बाळं आईपासून वेगळी ठेवली जात, बाटलीने पावडरचं दूध पाजलं जाई आणि जंतुदोषाने बाळं जात. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आयांना वॉर्डात आणलं, बाटल्या बंद केल्या, आईच्या दुधाचा आग्रह धरला. मृत्यू घटले. ज्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नव्हतं त्यांच्यासाठी १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. झोपडपट्टीतून आलेली, बहुधा निरक्षर आई ही त्या विभागाची सर्वांत भरवशाची परिचारिका ठरली.

बाळाजवळ बसणाऱ्या बाईच्या नजरेवर विश्वास टाकला की काय होतं, याचं आणखी एक उदाहरण कावीळीच्या इतिहासात आहे. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक बाळं पिवळसर दिसतात. बहुतेकांची कावीळ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरते, पण काहींची इतकी चढते की मेंदूला इजा होते. पूर्वी त्यावर बाळाचं रक्त बदलणं हाच उपाय होता. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावर चादरीचा कोपरा पडला होता. तेवढाच भाग पिवळा राहिला आणि बाकी अंग उतरलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यातून दिव्याच्या उजेडाने कावीळ उतरवण्याची पद्धत निघाली. आज तालुक्याच्या दवाखान्यातही निळ्या दिव्याखाली डोळे झाकून निजवलेली बाळं दिसतात, ती याच परंपरेतली. मात्र घरच्या उन्हावर भिस्त ठेवून चढती कावीळ अंगावर काढणं धोक्याचं. पहिल्याच दिवशी पिवळं दिसणारं किंवा तळहात-तळपायापर्यंत पिवळं झालेलं बाळ लगेच दवाखान्यात न्यायला हवं.

गडचिरोलीचं काम तिथेच थांबलं नाही. महाराष्ट्रातल्या आणखी सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी 'अंकुर' प्रकल्पातून ते करून पाहिलं आणि तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००१ मध्ये तेरा संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी वह्यांत दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू महाराष्ट्रात होतात आणि ते नोंदलेच जात नाहीत, हे त्यातून पुढे आलं. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत खडाजंगी झाली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यासोबत गावोगाव 'आशा' या आरोग्य स्वयंसेविका आल्या. आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर लागू केला. बाळ दवाखान्यात जन्मलं तर घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने भेट द्यायची. घरी जन्मलं तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. इंजेक्शनची मुभा आशांना सरसकट मिळाली नाही, पण बाकीचा आराखडा गडचिरोलीचाच होता.

दरम्यान बाळंतपण स्वतःच घरातून उठून दवाखान्यात गेलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यांत होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचलं. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार नवजात मृत्यूचा दर देशात हजारी २० आणि महाराष्ट्रात ११ होता. आज उरलेले बहुतेक मृत्यू अकाली जन्म, कमी वजन, जन्मतःच श्वास न घेणं आणि जंतुदोष यांचे आहेत. राज्याची सरासरी खाली आली तरी नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांवर ती तशी खाली आलेली नाही. आणि दवाखान्यात जन्मलेलं बाळही दोन-तीन दिवसांत घरीच येतं. धोक्याचे उरलेले दिवस ते घरातच काढतं.

म्हणून ज्या घरात आता तान्हं आहे, त्या घराने एवढं ध्यानात ठेवावं: बाळाचं रडणं बारीक झालं, दूध ओढणं सुटलं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास भरभर चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री किती वाजले आहेत हे न बघता आशाला हाक मारावी, १०८ ला फोन करावा.

आणि त्या हाकेला येणाऱ्या बाईचं काय? कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाला २५० रुपये मिळत. सुईणीला शेर-दोन शेर धान्य देणाऱ्या समाजाचा हिशेब इतक्या वर्षांत फारसा पुढे सरकलेला नाही. महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं आहे. देशाच्या सर्वांत लहान नागरिकांचे जीव वाचवणारी ही बाई सरकारी कागदांवर आजही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला नियमित पगार आणि नोकरीचा दर्जा मिळायलाच हवा.